बसून गवत कापायचं यंत्र: नवं घ्यावं की जुनं?

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. गावाकडे चाळीस गुंठ्यांत सोयाबीन होतं, ज्वारी होते, निदान म्हशीची वैरण तरी निघते. अमेरिकेत उपनगरात घर घेतलं की त्याच चाळीस गुंठ्यांत नुसतं गवत येतं, आणि तेही वाढू द्यायचं नसतं. वाढलंच तर आधी शेजारी बघतात, मग घरमालकांच्या संघटनेचं पत्र येतं, आणि पुष्कळ गावांत आठ-दहा इंचांच्या वर गेलं की नगरपालिकेची नोटीस.

ढकलत न्यायचं साधं मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, २१ इंचांचा पट्टा कापतं. एकराचे ४३,५६० चौरस फूट. त्याला पावणेदोन फुटांनी भागा, जवळजवळ २४,९०० फूट येतात, म्हणजे साडेसात किलोमीटर चाल. पट्टे थोडे एकमेकांवर चढवावे लागतात, नाहीतर मध्ये शेंड्या राहतात, म्हणून साडेआठ-नऊ धरा. मे-जूनमध्ये हे दर आठवड्याला. ४२ इंचांचं बसून चालवायचं यंत्र असेल तर अंतर निम्मं, आणि पाय दुखत नाहीत. एवढ्याचसाठी माणूस दोन-अडीच हजार डॉलर खर्चायला तयार होतो.

पण आधी खरंच गरज आहे का ते बघा. कागदावर पाऊण एकर असलं तरी घर, ड्राइव्हवे, झाडी, वाफे वजा केले की कापायचं गवत पुष्कळदा वीस गुंठेसुद्धा भरत नाही. उपग्रहाच्या नकाशावर बोटाने कुंपण आखून क्षेत्रफळ मोजता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. माझं मत असं की पंधरा गुंठ्यांच्या आत निव्वळ गवत असेल तर स्वतःच्या चाकांवर चालणारं ढकलमोअर पुरे. बसायचं यंत्र गॅरेजमध्ये एका गाडीची अर्धी जागा खातं. ते वर्षभर दिसत राहतं, आणि वापरतो आपण वर्षाला पंचवीस-तीस तास.

सीटखाली काय आहे

दुकानात रांगेने उभी असलेली ही यंत्रं बघताना नजर आधी बॉनेटवर जाते. रंग, दिवे, कपाचा खळगा, आणि इंजिनावर चिकटवलेला आकडा. खरी किंमत मात्र दोन जागी असते आणि त्या दोन्ही जागा उभ्याने दिसत नाहीत. एक सीटच्या खाली, मागच्या दोन चाकांच्या मध्ये. दुसरी पोटाखाली, जिथे ब्लेड फिरतात. खाली वाकायची लाज वाटत असेल तर सेल्समन जे सांगेल तेच घेऊन यावं लागतं.

आधी सीटखालचं बघू. मागच्या चाकांमधल्या गिअरबॉक्सला ट्रान्सॲक्सल म्हणतात. जुन्या किंवा अगदी स्वस्त यंत्रांत तो साध्या गिअरचा असतो: क्लच दाबा, गिअर टाका, सोडा. आता बहुतेकांत हायड्रोस्टॅटिक असतो. त्यात गिअर बदलायचे नसतात, पायाने पेडल दाबू तसा वेग वाढतो. आतली गोष्ट सोपी आहे. इंजिन पट्ट्याने एक छोटा पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, आणि त्या तेलाच्या जोरावर दुसरी एक मोटर फिरून चाकं फिरवते. विहिरीवरच्या पंपाने पाणी ढकलावं आणि त्या पाण्याने पुढे पाणचक्की फिरावी, तसंच. पेडल दाबलं की पंपातली एक तबकडी कमी-जास्त कलते आणि त्यानुसार तेल कमी-जास्त जातं. मध्यावर आणली की तेल थांबतं, यंत्र उभं राहतं. उलट कलवली की मागे येतं.

हे सगळं छान चालतं, तेल थंड असेपर्यंत. तेल तापलं की पातळ होतं, आतल्या बारीक फटींमधून निसटू लागतं आणि जोर कमी पडतो. सपाटीवर कळत नाही, चढावर कळतं. दुकानातल्या कमी किमतीच्या यंत्रांत जो हलका ट्रान्सॲक्सल असतो तो सीलबंद असतो. त्यातलं तेल मालकाने बदलावं अशी सोयच ठेवलेली नसते. सपाट अर्ध्या एकरावर तो बारा-पंधरा वर्षंही जातो. त्याच यंत्राने उतारावर काम घेतलं, वर मागे ओल्या मातीची ट्रॉली ओढली, की त्याचा जीव जातो. आणि तो बदलायचा खर्च जुन्या यंत्राच्या किमतीच्या जवळ पोचतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या घराच्या मागची जमीन ओढ्याकडे उतरते. पहिलं यंत्र मी कोरं करकरीत घेतलं, मोठ्या दुकानातून, रंग बघून. चौथ्या उन्हाळ्यात ते अर्धा तास चाललं की चढावर धापा टाकायला लागलं. पेडल तळाला टेकवलं तरी मुंगीच्या पावलाने. दुरुस्तीवाल्याने सीट उचलून दाखवली आणि म्हणाला, हे या उतारासाठी नव्हतंच.

एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातीची यंत्रं विकली जातात, हे तेव्हा कळलं. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण जॉन डिअरचं. त्यांची शंभराच्या मालिकेतली यंत्रं होम डेपो आणि लोव्ज्‌ या मोठ्या दुकानांत मिळतात, एक्स-३०० मालिका अधिकृत डीलरकडे. दोन्ही हिरवी, दोन्हीवर तेच हरीण. पण सांगाडा, पुढचा आस आणि गिअरबॉक्स यांत फरक आहे, आणि किमतीतही चांगलाच. हलकी मालिका वाईट असं मी म्हणत नाही. सपाट जागेला ती पुरेशी आहे. मित्राने हिरवं घेतलं म्हणून मी हिरवं घेतलं, असं करू नका. त्याने कुठलं हिरवं घेतलं आणि त्याची जमीन कशी आहे, ते विचारा.

पोटाखालचं पातं

ज्या पत्र्याच्या कवचाखाली ब्लेड फिरतात त्याला डेक म्हणतात. ४२ इंच म्हणजे डेकची कापायची रुंदी, यंत्राची नव्हे. गवत बाहेर फेकणारी बाजूची झडप धरली तर तेच यंत्र चार फुटांच्या वर जातं. मागच्या अंगणाच्या कुंपणाला तीन किंवा चार फुटांचं दार असतं. दुकानात जाण्याआधी ते दार मोजा. आमच्या ओळखीत एकाने ५४ इंचांचं आणलं आणि मग कुंपणाचा एक खांब उपटला.

डेक दोन प्रकारचे. एक दाबून आकार दिलेल्या पत्र्याचा, दुसरा जाड पत्रे वेल्डिंग करून जोडलेला. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथे हिशेब उलटा असतो: आकडा लहान तेवढा पत्रा जाड. दहा गेजचा डेक तेरा गेजपेक्षा जाड. घरगुती वापराला दाबलेला पत्रा चालतो, फक्त त्याला जपावं लागतं. ओलं गवत आत चिकटून राहिलं की पत्रा आतून सडतो. वरून रंग शाबूत दिसतो, आणि एक दिवस स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार जातो.

रुंद डेक म्हणजे लवकर काम हे अर्धंच खरं. जमीन उंचसखल असेल तर रुंद डेक उंचवट्यावर टेकतो आणि तिथलं गवत मुळापासून खरवडतो. झाडं, वाफे, मुलांचा झोका अशा अंगणात ४२ पुरे. मोकळं शेतासारखं आवार असेल तरच ५४.

आकड्यांचा मोह

इंजिनाच्या अश्वशक्तीवर एकेकाळी इतकी फेकाफेक झाली की अमेरिकेत ग्राहकांनी बड्या कंपन्यांवर सामूहिक दावे लावले. स्टिकरवर लिहिलेली ताकद यंत्रातून प्रत्यक्षात निघत नाही, ही तक्रार होती. २०१० मध्ये कोर्टाच्या मान्यतेने तडजोड झाली. तेव्हापासून पुष्कळ यंत्रांवर अश्वशक्तीऐवजी सीसी (इंजिनाचं आकारमान) किंवा टॉर्क (फिरवायचा जोर) छापलेला दिसतो. ग्राहकाने त्याचं करायचं काय? ४२ इंचांच्या डेकला बाजारातलं जवळजवळ कुठलंही इंजिन पुरतं. एक सिलिंडर की दोन, एवढं मात्र विचारा. दोन सिलिंडरचं इंजिन कमी थरथरतं, उंच गवतात दम टाकत नाही, आणि माझ्या मते त्यासाठी दोन-तीनशे डॉलर जास्त द्यायला हरकत नाही. कावासाकी, कोहलर, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही नावं दिसतील. तिघांचीही साधी आणि भारी अशी दोन्ही इंजिनं आहेत, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका.

यंत्रांचे आकार मुख्यतः तीन. पुढे बॉनेट, गोल स्टिअरिंग, मधे डेक, हा लॉन ट्रॅक्टर. आपण बहुतेक तोच घेतो. त्याचा थोरला भाऊ गार्डन ट्रॅक्टर, जड, मोठ्या चाकांचा, ज्याच्यामागे नांगर किंवा पुढे बर्फ फेकायचं यंत्र लावता येतं. आणि तिसरं झिरो-टर्न: दोन दांडे हातात, मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र पंप. एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरवलं की यंत्र जागच्या जागी गिरकी घेतं. झाडाभोवती गोल फिरून गवत कापताना याच्यासारखं सुख नाही. लॉन ट्रॅक्टरला वळायला जागा लागते, कोपरे राहतात, मग मागे-पुढे करत बसावं लागतं. मोकळ्या सपाट आवारात झिरो-टर्न निम्म्या वेळात काम उरकतं.

उतारावर मात्र त्याची गोष्ट वेगळी. पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांसारखी नुसती लोंबती असतात, दिशा देत नाहीत. दिशा आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांवर. ओल्या गवतावर ती चाकं घसरली की स्टिअरिंगही गेलं आणि ब्रेकही गेला. यंत्र जिकडे उतार तिकडे जातं. ओढा, तळं किंवा दगडी भिंत अंगणाच्या खालच्या टोकाला असेल तर झिरो-टर्नचा विचार सोडा.

उताराचं माप: बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत १५ अंशांच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं, काहींत १०. पंधरा अंश म्हणजे दहा फूट आडवं गेलं की सुमारे पावणेतीन फूट चढ. एक लांब फळी जमिनीवर ठेवा, तिच्यावर मोबाइल ठेवून त्यातलं पातळी मोजायचं ॲप उघडा. मी मोजलं तेव्हा आमच्या ओढ्याकाठी १९ आले. तो पट्टा आता मी दोरीच्या ट्रिमरने कापतो, आणि ऑगस्टमध्ये तोही सोडून देतो. लॉन ट्रॅक्टर उतारावर वर-खाली चालवायचा, आडवा नाही. आडवा नेला की कलंडतो. ढकलमोअरचं नेमकं उलट: ते आडवं न्यायचं, कारण वर-खाली नेताना पाय घसरला तर ते तुमच्याच अंगावर येतं.

नवं की जुनं

आता मुख्य प्रश्न. आमच्या भागात गवत कापून देणारे एका खेपेला पन्नास-साठ डॉलर घेतात. एप्रिल ते ऑक्टोबर अठ्ठावीस खेपा धरल्या तर वर्षाला चौदाशे ते सतराशे होतात. म्हणजे दोन-अडीच हजारांचं नवं यंत्रसुद्धा दोन मोसमांत वसूल. जुनं आठशे-हजाराला मिळालं तर पहिल्याच मोसमात. मग जुनंच का नाही घ्यायचं?

घ्या, पण एका अटीवर: हाताला ऑइल लागलेलं तुम्हाला चालत असेल तर. जुन्या यंत्रात वर्षातून दोन-चार वेळा काहीतरी निघतंच. पट्टा तुटतो, बॅटरी उतरते, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर तुंबतो. यातलं प्रत्येक काम व्हिडिओ बघून शनिवारी सकाळी होण्यासारखं आहे. पण ते स्वतः केलं तर वीस-तीस डॉलरचं, आणि दुरुस्तीवाला घरी येऊन यंत्र नेऊन परत आणणार असेल तर दोनशेचं. वसंतात त्यांच्याकडे दोन-तीन आठवड्यांची रांग असते, आणि गवत थांबत नाही. ज्याला हे नकोच त्याने नवं घ्यावं, डीलरकडून घ्यावं, आणि वॉरंटीत काय येत नाही ते आधी वाचावं. शिळ्या पेट्रोलने बिघडलेला कार्ब्युरेटर सहसा वॉरंटीत येत नाही.

ज्याला चालतं त्याच्यासाठी माझा सल्ला: दोन हजार डॉलर हातात असतील तर त्यात दुकानातलं हलकं नवं घेण्यापेक्षा डीलरच्या दर्जाचं सात-आठ वर्षांचं, तीनशे तासांच्या आत चाललेलं यंत्र शोधा. सपाट जमीन असेल तर हा सल्ला विसरलात तरी चालेल. उतार असेल तर नाही.

फार जुन्याच्या मात्र मागे लागू नका. ऐंशी-नव्वदच्या दशकातले गार्डन ट्रॅक्टर अजून चालताना दिसतात आणि लोक त्यांच्या प्रेमात पडतात. जॉन डिअरचा ३१८ हा त्यातला प्रसिद्ध. सांगाडा हत्तीसारखा, पण आतलं ओनान कंपनीचं इंजिन बिघडलं तर भाग मिळवताना घाम फुटतो. ज्याला जुनी यंत्रं जपायचा नाद आहे त्याने जरूर घ्यावा. तो नाद आहे, गवत कापायची सोय नव्हे.

वेळ साधा. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांनाच यंत्र हवं असतं. ऑक्टोबरच्या शेवटी गॅरेजमध्ये जागा करायला लोक तेच यंत्र शे-दोनशे कमीने देतात. सर्वांत चांगला विक्रेता म्हणजे मोठं घर विकून फ्लोरिडाला किंवा फ्लॅटमध्ये निघालेलं वयस्क जोडपं. आजोबा पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली काढतात. सर्वांत वाईट म्हणजे ज्याच्या अंगणात एकदम पाच यंत्रं विक्रीला उभी आहेत आणि पाचही नुकतीच धुतलेली आहेत.

दात मोजणं

बैलबाजारात बैलाचे दात बघतात, मग त्याला चालवून बघतात. इथे दातांच्या जागी तासांचं मीटर असतं. घरगुती वापरात वर्षाला तीस ते पन्नास तास होतात. त्यावरून भागाकार करा: दहा वर्षांचं यंत्र आणि मीटरवर ऐंशी तास असतील तर एकतर ते पडून होतं किंवा मीटर बदललंय. पडून राहणं हेही चांगलं लक्षण नाही. तास आणि पेडलचं रबर, सीटची शिवण, स्टिअरिंगची झीज यांचं जमतंय का ते बघा. मीटर खोटं बोलू शकतं, पेडल बोलत नाही.

जाण्याआधी विक्रेत्याला निरोप द्या: मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर पहिलं काम, बॉनेट उघडून इंजिनाला हात लावा. गरम असेल तर त्याने आधीच चालवून ठेवलंय, आणि थंड इंजिन सुरू व्हायला किती कुरकुर करतं हे तुम्हाला दिसू नये अशी त्याची इच्छा आहे. मी अशा वेळी गप्पा मारत अर्धा तास घालवतो, किंवा सरळ परत येतो.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी खुणेच्या वर असेल तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल खाली झिरपतंय. दुरुस्ती मोठी नाही, पण तसंच चालवलं असेल तर पातळ ऑइलने आतलं बेअरिंग झिजलेलं असू शकतं. या इंजिनांना पाणी नसतं, ती पंख्याच्या हवेने थंड होतात. हिवाळ्यात उंदीर नेमके त्या पंख्याच्या टोपाखाली घरटं करतात, मग हवा कोंडते आणि इंजिन तापून मरतं. टॉर्च घेऊन जाळीतून आत बघा. वाळकं गवत, कापूस, लेंड्या दिसल्या तर विचारा, हे असंच चालवत होतात का?

सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात थोडा निळसर धूर चालतो. दहा मिनिटांनीही निळा धूर येत असेल तर ऑइल जळतंय, तिथे थांबा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, बहुधा हवेची गाळणी तुंबलेली. ते स्वस्तात सुटतं. नुसता टक-टक आवाज येऊन सुरूच होत नसेल तर बॅटरी किंवा स्टार्टरचा रिले, दोन्ही स्वस्त, आणि भाव पाडायला उत्तम.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक जण करत नाहीत. विक्रेत्याकडे वीस मिनिटं मागा आणि त्याचंच गवत कापून द्या. तेल तापल्याशिवाय हायड्रोस्टॅटिकची खरी तब्येत कळत नाही. वीस मिनिटांनी त्याच्या आवारातल्या कुठल्याही चढावर न्या. आधी चढत होतं तेवढ्याच वेगाने चढलं पाहिजे. घरघर वाढली, वेग पडला, किंवा मधेच थांबून परत घसरू लागलं, तर नमस्कार करून निघा. किंमत कितीही कमी असो.

शेवटी पोट. इंजिन बंद, किल्ली खिशात, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला. मग जाड हातमोजा घालून ब्लेड हाताने हलवा. वर-खाली खुळखुळलं तर ते ज्या दांड्यावर फिरतं त्याचं बेअरिंग गेलंय. गोल फिरवल्यावर दळल्यासारखा आवाज आला तरी तेच. डेकला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, सडका पत्रा बद्द वाजतो.

एक गोष्ट वेगळी सांगतो. सीटवरून उठलं की ब्लेड थांबलं पाहिजे, किंवा इंजिनच बंद पडलं पाहिजे. सीटखाली त्यासाठी स्विच असतो. पुष्कळ जुन्या यंत्रांत मालकाने कंटाळून त्याच्या वायरी एकमेकींना जोडून टाकलेल्या असतात. ब्लेड चालू असताना किंचित उठून बघा. थांबलं नाही तर तो स्विच आधी पूर्ववत करायचा, मगच यंत्र वापरायचं. इथल्या मानकाप्रमाणे ब्लेडच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत चालतो, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्याने उडवलेला खडा कुणाच्या डोळ्यात जाईल ते सांगता येत नाही. यावरून आठवलं: उन्हाळ्यात आई-वडील भारतातून येतात, आजोबांना ट्रॅक्टर आवडतो, आणि नातवाला मांडीवर घेऊन एक फेरी मारायची हौस असते. फोटो छान येतो. नाही म्हणा, वाईटपणा घ्या. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला असा की बसायचं मोअर सोळा वर्षांच्या आतल्या मुलाने चालवू नये, आणि प्रवासी म्हणून तर कुठलंच मूल त्यावर नको. मागे येताना झालेले अपघात सर्वांत वाईट असतात, कारण मूल मागे उभं आहे हे चालवणाऱ्याला दिसत नाही. म्हणून तर आता रिव्हर्स घेतलं की ब्लेड आपोआप थांबायची सोय असते, आणि वेगळं बटण दाबल्याशिवाय ती टाळता येत नाही. ते बटण दाबायची सवय लावून घेऊ नका.

बॅटरीवालं

अर्ध्या-पाऊण एकराला बॅटरीवर चालणारं आता खरोखर चांगलं आहे. ऑइल नाही, कार्ब्युरेटर नाही, पट्टे कमी, आवाज इतका कमी की सकाळी आठला सुरू केलं तरी शेजारी झोपेतच. ज्याला दुरुस्तीची कटकट नको आणि जमीन सपाट आहे त्याला मी हेच सुचवतो. कॅलिफोर्नियात तर फारसा पर्यायच उरलेला नाही: २०२४ च्या मॉडेलपासून तिथे अशी नवी छोटी इंजिनं शून्य उत्सर्जनाची असावी लागतात. हातात असलेलं जुनं पेट्रोलचं मात्र वापरायला आणि विकायला बंदी नाही, त्यामुळे तिथे चांगल्या जुन्या यंत्राला भाव आहे.

वापरलेलं बॅटरीवालं घेताना हिशेब पूर्ण बदलतो. यंत्राच्या किमतीतला मोठा भाग बॅटरीच असते, आणि तिचं वय बाहेरून दिसत नाही. पूर्ण चार्ज करून विक्रेत्याच्या आवारात चालवून किती मिनिटं टिकते ते बघता येत असेल तरच घ्या. काही जुन्या मॉडेलांत लिथियम नसून गाडीतल्यासारख्या शिशाच्या बॅटऱ्या असतात. त्या संचानेच बदलाव्या लागतात.

घरी आणल्यावर

आणायचं कसं, हे लोक व्यवहार झाल्यावर आठवतात. उघडी ट्रॉली भाड्याने मिळते, मागे उतरता रॅम्प असलेली घ्या. चढवताना डेक सगळ्यात वर उचला, नाहीतर तो रॅम्पच्या कडेवर अडकतो. पट्ट्यांनी चारही बाजूंनी बांधा.

पहिल्याच शनिवारी ऑइल, ऑइलची आणि हवेची गाळणी, स्पार्क प्लग बदला, ब्लेडना धार लावा. सगळं मिळून शंभर डॉलरच्या आसपास. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि तेवढं या इंजिनांना चालतं. पंधरा टक्केवालं चालत नाही, तो नळ थोडा स्वस्त दिसला तरी हात लावू नका. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि महिनाभर पडून राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतं. नोव्हेंबरमध्ये शेवटचं गवत कापलं की पेट्रोल टिकवायचं औषध घालून पाच-दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते आतपर्यंत पोचेल. वसंतात सुरू न होणाऱ्या यंत्रांपैकी निम्मी तरी एवढ्यावर वाचतात, असं आमचा दुरुस्तीवाला म्हणतो, आणि त्याचं पोट त्यावरच चालत असल्यामुळे माझा विश्वास बसतो.

आमचं दुसरं यंत्र एका निवृत्त शिक्षकाकडून घेतलं, ऑक्टोबरमध्ये, त्याचं गवत कापून देऊन. बॉनेटच्या आतल्या बाजूला त्याने काळ्या मार्करने प्रत्येक ऑइल बदलाची तारीख आणि तास लिहिलेत, नऊ ओळी. त्याखाली आता माझ्या सहा आहेत, देवनागरी आकड्यांत. पुढच्या गिऱ्हाइकाला त्या वाचायला जरा वेळ लागेल.